आतले जवस खाऊ नये

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत सेलूच्या बाजारात श्रावणभाऊ थूल यांच्या टेलरिंगच्या दुकानातून खांदा शेकायची पोटली घेतली, की तिच्याबरोबर एक छापील चिठ्ठी मिळे. चिठ्ठीवर चार ओळी. पोटली भाताच्या गंजाच्या (पातेल्याच्या) झाकणावर ठेवावी. तव्यावर कधीही ठेवू नये. शेकून झाल्यावर हात हलवावा, नुसते बसून राहू नये. आणि शेवटची ओळ जरा ठळक अक्षरांत होती: आतले जवस खाऊ नये.

बाहेरगावचा माणूस ही शेवटची ओळ वाचून हसायचा. सेलूचा माणूस हसत नसे, कारण त्याच्या घरात कोणी ना कोणी ते खाल्लेले असे.

श्रावणभाऊ म्हणजे कोणी वैद्य किंवा शास्त्रज्ञ नव्हेत. बसस्टँडजवळ एका शटरचे दुकान, एक शिलाई मशीन, एक बाक आणि गळ्यात इंची टेप. जूनमध्ये शाळेचे गणवेश, उन्हाळ्यात लग्नाचे कपडे आणि पोळ्याच्या आधी पंचक्रोशीतल्या बैलांच्या झुली. पण माणसाला एकेक खोड असते, तशी त्यांना माप घ्यायची खोड होती. वेलावर लागलेल्या दुधीचे माप ते दर दोन दिवसांनी घेत आणि दुकानातल्या मापाच्या वहीत गिऱ्हाइकांच्या छाती-कमरेखाली लिहून ठेवत. शेजारच्या सुमित्राबाईंच्या घराचे दार एका बाजूला पाऊण इंच उतरले आहे हे त्यांनी सुमित्राबाईंना न विचारता सांगितले होते, तेव्हापासून त्या बाईंना ते दार उतरलेलेच दिसू लागले आणि त्यांची झोप उडाली. ज्याचे माप नाही त्याचे काही खरे नाही, असे भाऊ म्हणत.

त्यांच्या घरात मापात न बसणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची बायको जिजाबाई. जिजाबाई लांब रोटी करत. ज्याने ती होताना पाहिली नाही त्याला सांगायला हवे. कणीक अगदी सैल भिजवायची, तार सुटेपर्यंत आपटायची, मग तिचा गोळा दोन्ही हातांवर घेऊन हात वर-खाली झुलवायचे. झुलवता झुलवता ती मनगटावरून थेट कोपरापर्यंत उतरते, इतकी पातळ की पलीकडचा जाळ दिसावा. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर ती एका झोकात टाकायची. झोक चुकला की कणकेचा गोळा होतो आणि बघणाऱ्यांची करमणूक. जिजाबाईंचा झोक पंचवीस वर्षांत चुकला नव्हता. लग्न कोणाचेही असो, चुलीपाशी जिजाबाई हव्यात, असा वस्तीचा रिवाजच पडून गेला होता.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला. आधी दुखला, मग दुखायचा थोडा थांबला आणि हलायचाही थांबला. हात छातीच्या वर जाईना. वेणी लेक रोशनी घालून देऊ लागली. दोरीवरचे कपडे श्रावणभाऊ काढू लागले आणि काढताना प्रत्येक कपड्याची शिलाई तपासत बसल्यामुळे त्या कामाला तासभर लागू लागला.

नेमके त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रोशनीचे लग्न ठरले. मुलगा हिंगणघाटचा, नागसेन, आयटीआयमध्ये शिकवणारा, शांत. बोलणी होऊन चहा झाला. उठता उठता नागसेनची आई म्हणाली, "आमाले काई नको, जिजाबाई. हुंडा नको, भांडेकुंडे नको. फक्त लग्नात लांब रोटी तुमच्या हातची पाह्यजे. तुमचं नाव आयकून हावो आमी."

जिजाबाई "हाव" म्हणाल्या आणि पदराखाली डाव्या हाताने उजवे कोपर धरून बसल्या. लग्न येत्या बुद्ध पौर्णिमेला ठरले. पाहुणे गेल्यावर सुमित्राबाईंनी सुचवले की रोट्या दुसऱ्या बायका करतील, जिजाबाईंनी नुसते शेजारी बसावे, कोणाला कळते? जिजाबाईंनी त्या दिवशी सुमित्राबाईंना दुसरा चहा दिला नाही.

दोघे सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथे रक्षा नावाची एक तरुण डॉक्टरीण होती, व्यायामाने उपचार करणारी. तिने हात हळूच उचलून पाहिला, फिरवून पाहिला आणि खांदा गोठला आहे असे सांगितले. सेलूच्या सेहेचाळीस डिग्रीत तो गोठला कसा, असे जिजाबाईंनी विचारले, तेव्हा ती खूप हसली. मग तिने नीट समजावले. खांद्याच्या सांध्याभोवती एक पिशवीसारखे आवरण असते, ते आवळून येते. शेक घेतला की भोवतीचे स्नायू सैल पडतात आणि त्याच वेळी व्यायाम केला तर हात रोज थोडा थोडा पुढे जातो. भिंतीवर बोटांनी चालत वर जायचे, दुखायला लागेल तिथवर. महिने लागतील, पण बहुतेकांचा हात सुटतो. श्रावणभाऊंनी विचारले, किती महिने आणि किती इंच? तिने त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिले आणि म्हणाली की ते आता तुम्हीच मोजा.

शेकायला रबराची गरम पाण्याची पिशवी आणली. ती खांद्यावर ठेवली की घसरे. बांधली तर मध्ये फुगे आणि कडेला टेकतच नसे. खांदा काही पाटासारखा सपाट नसतो, हे टेलरला सांगायला नको. दहा दिवसांत जिजाबाईंनी ती पिशवी खुंटीला टांगली आणि पुन्हा काढली नाही.

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचे खांदे सुजलेले, घट्टे पडलेले असतात, ते त्या दिवशी शेकायचे. श्रावणभाऊ नव्या झुली पोचवायला प्रभाकररावांच्या गोठ्यात गेले होते. प्रभाकरराव मोठे शेतकरी, पण खांदशेकणी स्वतःच्या हाताने करत. हळद-लोणी चोळून, पळसाची पाने कोमट पाण्यात बुडवून ती खांद्यावर दाबत होते आणि बैलाच्या कानाशी पोळ्याच्या जेवणाचे रिवाजाचे आमंत्रण म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैल डोळे मिटून उभा होता. पाने खांद्याच्या वळणाला अशी बसत होती, जशी अंगाच्या मापाने बेतलेली. श्रावणभाऊंची नजर तिथे खिळली. झुलीचे माप बरोबर आहे का, हे पाहायचेसुद्धा ते विसरले, जे त्यांच्या हयातीत कधी घडले नव्हते.

घरी येऊन त्यांनी हे सगळे जिजाबाईंना सांगितले. जिजाबाई एका हाताने अंबाडी निवडत होत्या. त्यांनी वर न पाहता म्हटले, "बैलाचा खांदा वर्षातून एकदा तरी शेकते कोनी. बाईचा खांदा कोन शेकते?"

श्रावणभाऊंना लाज वाटली, आणि ती बरोबर ठिकाणी वाटली. ते तसेच दुकानात गेले आणि जाड खादीचा तुकडा पुढे घेऊन बसले.

बेतायला त्यांना वेळ लागला नाही. जुवाखाली बैलाच्या खांद्यावर टाकतात तशी गादी, पण माणसाच्या मापाची: एक बाजू मानेकडे, एक दंडावर, मध्ये वळण. आत काय भरायचे यावर घोडे अडले. वाळू भरली, तर ती इतकी जड झाली की जिजाबाई म्हणाल्या, आता डावा खांदाही धरेल. ज्वारी भरून तव्यावर तापवली, तर आत लाह्या फुटू लागल्या आणि पोटली टरारून फुगली. सरकी भरली, ती बरी वाटली, पण उन्हात वाळत घातलेली पोटली सुमित्राबाईंच्या म्हशीने दोरीवरून ओढून घेतली. म्हशीची काही चूक नव्हती, तिच्या दृष्टीने सरकी हा खुराकच होता. शेवटी जवस भरले. जवसाचा दाणा गुळगुळीत, पाण्यासारखा सरकणारा. खांद्यावर ठेवताच पोटली खांद्याची होऊन बसली. श्रावणभाऊंनी घड्याळ लावून पाहिले: पंचवीस मिनिटे ऊब राहिली. दाणे एका बाजूला गोळा होऊ नयेत म्हणून गोधडीसारख्या टिपा मारून चार कप्पे केले.

भाऊंच्या अंगात आता संशोधक संचारला. एका खांद्यावर सिद्ध झालेले खरे कशावरून, असे म्हणून त्यांनी सात पोटल्या शिवल्या आणि वर्षानुवर्षे कापूस वेचून खांदे भरून आलेल्या वस्तीतल्या सात बायकांना वाटल्या. तव्यावर गरम करा, रोज दोनदा शेका, पंधरा दिवसांनी मी माप घ्यायला येतो. प्रत्येकीचा हात कुठवर जातो ते वहीत लिहून घेतले. इकडे जिजाबाईंचे शेकणे त्यांनी स्वतःकडे घेतले होते. पोटली खांद्यावर ठेवताना ते रोज गंभीर चेहऱ्याने म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," आणि जिजाबाई रोज हाताला येईल ते फेकून मारत. डाव्या हाताने मारत असल्यामुळे नेम लागत नसे.

पंधरा दिवसांनी भाऊ वही घेऊन निघाले. पहिल्या घरी पोटली मिळाली, पण सपाट. दुसऱ्या घरी सपाट. तिसऱ्या घरी तर ती धुऊन, घडी घालून ठेवलेली. सुमित्राबाईंच्या घरी पोचेपर्यंत त्यांचा पारा चढला होता. जवस गेले कुठे, असे त्यांनी विचारले.

सुमित्राबाईंना त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. "भाऊ, तव्यावर ठेवता ठेवता जवस असे खमंग भाजले गेलते का घरभर वास सुटला," त्या म्हणाल्या. "मंग लसूण घातला, तिखट घातलं, कुटून टाकली चटनी. भाजलेलं जवस कोनी फेकते का? तुमाले देऊ का थोडी?"

सातांपैकी पाच पोटल्यांची चटणी झाली होती. आपल्याकडे भाजल्या जवसाचा वास नाकात गेला की हात आपोआप खलबत्त्याकडे जातो, तिथे विज्ञानाचे काय चालणार. भाऊ तणतणत घरी आले, तर ताटात भाकरीशेजारी जवसाची चटणी. त्यांनी जिजाबाईंकडे पाहिले. जिजाबाई म्हणाल्या की सुमित्राने दिली. मग जरा वेळाने कबूल केले की थोडी आपल्या पोटलीतलीही आहे, एक कप्पा करपायला आला होता. भाऊ दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. चटणी मात्र त्यांनी दोनदा मागून घेतली.

त्यांनी जवसात कडुनिंबाचा पाला मिसळून पाहिला. चटणी बंद झाली, पण जिजाबाईंनी पोटलीच घराबाहेर ठेवली. दिवाळी जवळ आली होती आणि वहीतले जिजाबाईंचे माप महिनाभरात अर्धा इंचही पुढे सरकले नव्हते. श्रावणभाऊंना आता खरोखर भीती वाटू लागली. रोशनीच्या लग्नात आपली बायको चुलीपासून दूर, खुर्चीवर बसलेली त्यांना दिसू लागली, आणि ते चित्र त्यांना सहन होईना.

मार्ग निघाला तो जिजाबाईंच्या आळसातून, असे भाऊ सांगत. जिजाबाईंच्या मते तो अकलेतून निघाला, आणि त्यांचेच खरे आहे. पाला काढून टाकलेली पोटली एका हाताने तव्यावर उलटीपालटी करायचा त्यांना कंटाळा आला. चुलीवर भाताचा गंज रटरटत होता. त्यांनी पोटली त्याच्या झाकणावर ठेवली आणि तूर निवडायला बसल्या. भात झाला तेव्हा पोटलीही झाली होती. गरम, पण चटका न देणारी, जराशी ओलसर, आणि वास कसलाच नाही. खांद्यावर ठेवली तर ऊब आतपर्यंत उतरल्यासारखी वाटली. त्या दिवशी भिंतीवर बोटे दोन सुतांनी वर गेली.

भाऊंनी सावंगी गाठली आणि झाकणाचे कोडे रक्षापुढे ठेवले. ती म्हणाली, सोपे आहे. तवा कितीही तापतो. पण गंजात पाणी आहे तोवर वाफ शंभर डिग्रीच्या वर जात नाही, म्हणून झाकणही जात नाही. तेवढ्यात जवस भाजत नाही, करपत नाही, नुसते तापते. आणि वाफेची ओल असल्यामुळे शेक चांगला लागतो. मग ती जरा गंभीर झाली. "पण काका, शेकानं दार नुसतं उघडतं. आत तुम्हाला स्वतः चालत जावं लागतं. व्यायाम रोज होतो का?"

होत नव्हता. शेकून झाले की जिजाबाई आरामात डोळे मिटून बसत, प्रभाकररावांच्या बैलासारख्या. त्या दिवसापासून भाऊंनी घरातली एक भिंत या कामाला दिली. दर रविवारी जिजाबाई भिंतीवर बोटांनी चालत वर जात, जिथे थांबत तिथे भाऊ कापडावर मारायच्या खडूने रेघ ओढत आणि तारीख टाकत. डाव्या हाताची पूर्ण उंचीची रेघ शेजारी, निळ्या खडूची. नोव्हेंबर, डिसेंबर, रेघा चढत गेल्या. सुमित्राबाई रोज येऊन पाहून जात. त्यांच्याही पोटलीचा भात-प्रयोग सुरू झाला होता. "आता वासच येत नाई, तर खाईन कोन," असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

फेब्रुवारीत रेघ अडली. तीन रविवार एकाच जागी, निळ्या रेघेच्या सात बोटे खाली. जिजाबाई चिडचिड करू लागल्या. एकदा त्यांनी कणीक भिजवून रोटी झुलवायला घेतली आणि ती अर्ध्यातच तुटून जमिनीवर पडली. त्या उठल्या, हात धुतले आणि रोशनीला म्हणाल्या की तुझ्या सासूला निरोप पाठव, रोट्या दुसरं कोणी करेल. रोशनी रडू लागली. श्रावणभाऊ पडलेली कणीक गोळा करत होते. ती हातात घेऊन ते बराच वेळ तोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलमलचा एक लांब तुकडा कापला, पाण्यात भिजवला, पिळला, पुन्हा भिजवला, आणि रोटीच्या गोळ्याइतका जड झाला तेव्हा जिजाबाईंच्या हातांवर ठेवला. "हे तुटत नाई आन् वाया बी जात नाई," ते म्हणाले. "भिंतीवर चढाचा कंटाळा येते ना तुले? मंग रोटीच कर."

जिजाबाईंनी आधी त्यांच्याकडे वेड्याकडे पाहावे तसे पाहिले. मग हात झुलवले. भिंतीवर चढताना हात प्रत्येक इंचाला कुरकुरत असे, पण हा झोक त्याला पंचवीस वर्षांपासून पाठ होता. त्यात तो स्वतःला विसरून जरा वर गेला. रोज शेकल्यावर अर्धा तास मलमलच्या रोट्या होऊ लागल्या. घरभर पाणी उडे. रक्षाला हे कळल्यावर तिने ते आपल्या वहीत लिहून घेतले आणि भाऊंना इतका आनंद झाला, की ते परतीच्या बसमध्ये शेजारच्या प्रवाशाला सेलू येईपर्यंत तेच सांगत होते.

बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी भिंतीवरची शेवटची रेघ निळ्या रेघेच्या दोन बोटे खाली होती. दोन बोटे राहिलीच. ती पुढेही कधी गेली नाहीत.

मंडपामागे चूल पेटली, मडके पालथे पडले. जिजाबाई नव्या पांढऱ्या लुगड्यात पाटावर बसल्या. भोवती बायका, मागे हिंगणघाटची विहीण, आणि चार पावलांवर श्रावणभाऊ, वधूपिता असूनही गळ्यात टेप. जिजाबाईंनी गोळा हातांवर घेतला. हात झुलले. कणीक मनगटावरून उतरली, कोपराकडे निघाली, उजवा हात वर जायला लागला आणि भाऊंनी श्वास धरला. हात गेला. जिथवर जायला हवा तिथवर गेला. रोटी मडक्यावर पडली, एक सुरकुती नाही. विहीण पुढे होऊन जिजाबाईंच्या शेजारी पाटावर बसली आणि गोळे करून देऊ लागली.

श्रावणभाऊ तिथून निघून मंडपाच्या खांबाआड गेले. ते रडत होते, आणि लोकांनी पाहिले तरी त्यांना त्याचे काही वाटले नाही. जिजाबाईंनी ऐंशी रोट्या केल्या, मध्ये दोनदा थांबून पोटली घेतली, कारण भाताचे गंज शेजारीच होते. पंगत उठल्यावर त्यांनी नवऱ्याला शोधून काढले. पानात रोटी वाढली आणि कडेला जवसाची चटणी.

"नऊ मयने आवतन देऊन राह्यले तुमी," त्या म्हणाल्या. "आता जेवाले या."

निरोपाच्या वेळी श्रावणभाऊंनी एक नवी पोटली आणली. लाल खादीची, चार कप्प्यांची, कडेने झुलीला लावतात तशी किनार. सगळ्यांना वाटले की लेकीसाठी आहे, आणि रोशनीने हातही पुढे केला. भाऊंनी ती नागसेनच्या हातात ठेवली.

"जवाईबापू, हे तुमाले," ते म्हणाले. "इचा खांदा कवा दुखला तर भाताच्या झाकनावर ठेवजा आन् स्वतःच्या हातानं शेकजा. वर्षातून एकदा नाई. दुखंन तवा."

नागसेनने पोटली दोन्ही हातांनी नीट धरली, उलटून पाहिली, आणि मास्तर असल्यामुळे प्रश्न विचारला, "आन् चुकून करपली तर?"

भाऊ उत्तर द्यायला लागले, पण जिजाबाईंनी त्यांना बोलू दिले नाही.

"तर चटनी करजा," त्या म्हणाल्या. "पन पयले खांदा."